आपांचा टेपरेकॉर्डर

आपा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरल्या की आधी पंखा बंद करायला लावायच्या. मग गल्ल्यावरचा रेडिओ. मग उभ्या गिऱ्हाइकांना म्हणायच्या, "दोन मिनिटं गप बसा हो," आणि तेही अशा आवाजात की माणसं खरोखर गप बसायची. मग त्यांच्या कापडी पिशवीतून किल्लीचं गजराचं घड्याळ बाहेर निघायचं.

दुकानदाराने दाखवलेला टेपरेकॉर्डर चालू करून त्या घड्याळ त्याच्याजवळ ठेवायच्या आणि मनात वीस आकडे मोजायच्या. नंतर तेच घड्याळ घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत जायच्या, तिथं वीस आकडे. परत येऊन कॅसेट मागं फिरवून ऐकायच्या. आधी टिकटिक ऐकू यायची. मग खरखर वाढायची आणि त्या खरखरीतून पुन्हा टिकटिक यायची, जवळजवळ तेवढीच.

"घड्याळ पायरीवर गेलं," आपा विचारायच्या, "आवाज हितंच कसा राहिला?"

"हेच तर चांगलं हाय आपा," लातूरच्या गंजगोलाई बाजारातला तो दुकानदार कौतुकाने म्हणाला, "बारीक आवाज ह्यो आपोआप मोठा करतो. पोरगं शेवटच्या बाकावर बसू द्या, सरांचा शब्द न् शब्द घेतो."

"मला सर नको. मला पाखरू पायजे."

"पाखरू बी घेतो की."

"घेतो, पण दूर हाय का जवळ, ते सांगत न्हाई. बोलणाऱ्याला दाबतो अन् गप बसणाऱ्याला चिमटे काढून बोलायला लावतो. असला लबाड नको मला. दुसरा काढा."

दुसरा काढला. तिसरा काढला. सातवा झाल्यावर दुकानदाराने न विचारता पंखा लावला.

मी त्यांच्या बरोबर होतो, कारण मी त्यांचा भाडेकरू होतो आणि पदार्थविज्ञान शिकवत होतो. यंत्राचं काहीही असलं की त्यांना मी बरोबर लागायचा. भूकंपाला दोन वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते, साऱ्या मराठवाड्यातून पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येत होती आणि मी त्यांना शिकवायला देगलूरहून आलो होतो. आपांनी खोली देताना माझी जात, पगार, लग्न यांतलं काही विचारलं नाही. "कुठले?" एवढंच विचारलं. देगलूर म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हंजे घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात हिंदी. तीन भाषा ऐकलेला कान हाय. या."

कानाशिवाय माणसाकडे बघण्यासारखं आणखी काही असतं असं त्यांना वाटतच नसे. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर काढली होती. त्या काळात ट्रंककॉल लावायचा तर ऑपरेटरला सांगावं लागायचं, आणि निलंगा, उदगीर, अहमदपूर इथल्या व्यापाऱ्यांना आपांचा आवाज पाठ होता. लग्न केलं नव्हतं. भूकंपानंतर वर्षभरात त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. का, ते कुणाला सांगितलं नाही. मुसलमान घरातल्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची, वयाने मोठी माणसंसुद्धा.

मी दारात पोचायच्या आत त्या आतून म्हणायच्या, "मास्तर, आज डाव्या चपलेचा अंगठा तुटला वाटतं." खरंच तुटलेला असायचा. शेजारच्या घरात भांडण झालं तर त्यांना शब्द नकोत, त्या ताटांच्या आवाजावरून कोण रुसलंय ते सांगायच्या. बोलताना समोरचा घुटमळला की सवयीने म्हणायच्या, "लाईन चालू हाय, बोला." आणि फार बोलला की, "टाइम झाला."

एकदा खालच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, आमच्या क्लासच्या पोरीने माझ्या लेक्चरची कॅसेट लावली होती. आपा दारात उभं राहून ऐकत होत्या. मला वाटलं, शिकवण्याचं कौतुक करतील.

"मास्तर, तुम्ही फळ्यावर लिहायला वळलात की पंखा ओरडतो. तुम्ही बोलायला लागलात की पंखा गप. वर्गात असंच असतंय का?"

"नाही. पंखा तेवढाच असतो. यंत्र स्वतःच आवाज कमी-जास्त करतं."

"कुणाला विचारून?"

मी समजावून सांगितलं. शांतता झाली की हे यंत्र कान टवकारतं, त्यामुळे बारीकसा आवाजही मोठा होतो, आणि मोठा आवाज आला की कान झाकून घेतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे ह्याच्यात शांतता भरताच येत न्हाई."

तेव्हापासून घड्याळ पिशवीत आलं. काय हवं ते त्यांचं ठरलं होतं. आवाज किती घ्यायचा ते हाताने ठरवायची चकती पाहिजे. समोर काटा पाहिजे, म्हणजे डोळ्यांनाही दिसेल. माइक वायरने वेगळा जोडता आला पाहिजे, नाहीतर यंत्राची स्वतःचीच घर्रघर्र पाखरावर बसते. बॅटरीवर तासभर एकाच वेगाने चाललं पाहिजे, कारण बॅटरी उतरली की फीत हळू होते आणि कॅसेटमधलं पाखरू मूळ पाखरू राहत नाही. आणि उचलून नेता आलं पाहिजे. हे सगळं त्यांनी टेलिफोन खात्याच्या जुन्या कागदाच्या पाठीवर लिहून काढलं होतं, आणि दुकानदाराने "चार गोष्टी हायत, पाचवी सोडा" म्हटलं की त्या कागदाची घडी घालून बाहेर पडायच्या.

लोक हसत. क्लास चालवणारे आमचे सर मला म्हणाले, "तुमच्या आपांना म्हणावं, मोर हवाय की कोकिळा? तयार कॅसेट मिळते." मी तेवढ्याच हसऱ्या तोंडाने हे आपांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"तयार नको. आपल्याकडचा होला पायजे."

होला म्हणजे ते कबुतराच्या जातीचं लहानसं पाखरू. कुणी उठून बघावं असं काही त्याच्यात नाही. सकाळभर झाडावर बसून घुमत असतं. लातुरात, नांदेडात, कुठेही विजेच्या तारेवर दिसतं. असल्या पाखरासाठी एवढी यातायात का, हे मला कळत नव्हतं. मी धरून चाललो होतो की रिकाम्या माणसाला छंद लागतो तसा हा लागलाय.

उदगीरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी सगळी यादी वाचून मान हलवली. "असा टेप बाजारात नाही मिळणार, आपा. नांदेडला एक साहेब आहेत. नभोवाणीसाठी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांच्या मुलाखती घ्यायचे. त्यांच्याकडे होता. पण देणार नाहीत."

"देणार न्हाईत ते त्यांना म्हणू द्या. तुम्ही पत्ता द्या."

पुढच्या रविवारी आम्ही नांदेडला गेलो. साहेब गोदावरीच्या बाजूला एका जुन्या घरात राहायचे, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी चहा दिला आणि कपाटातून कातडी पेटीतला टेपरेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. आपांनी हात लावला नाही. आधी नजरेने पाहून घेतलं. चकती होती. काटा होता. माइकची वायर वेटोळं करून ठेवलेली होती. मग त्यांनी घड्याळ काढलं, आणि साहेब काही न विचारता स्वतः उठून पंखा बंद करून आले. दोघांचं जमणार हे मला तेव्हाच कळलं.

जवळ वीस, दारात वीस. कॅसेट फिरवली. पहिली टिकटिक ठळक. दुसरी इतकी बारीक की मला ऐकूच आली नाही. आपांनी डोळे मिटून मान हलवली.

"दूर गेलं," त्या म्हणाल्या.

"जाणारच," साहेब म्हणाले. "पण बाई, हा मी देणार नाही. माझी उमर गेलीय याच्यावर. आणि पाखरांसाठी तर नाहीच. पाखरं कुठं पळून चाललीत? खिडकी उघडली की ऐकू येतात."

आपांनी घड्याळ पिशवीत ठेवलं. आता उठतील असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत.

"माझी बहीण होती," त्या म्हणाल्या. "थोरली. बाजी म्हणायचे मी तिला. औशाच्या पुढं खेड्यात दिली व्हती. भूकंपाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं पोस्टातून फोन लावला. मी बोर्डावर व्हते. म्हणली, दारातल्या लिंबावर होला ऱ्हातो, रोज सकाळी घुमतो, आज बोललाच न्हाई. नुसता बसून राहिला. माझा जीव कसातरी होऊन राहिला, मी येऊ का तुझ्याकडं?"

साहेबांनी कप खाली ठेवला.

"समोर बोर्डावर सगळे दिवे पेटलेले. व्यापारी बोंबलून राहिलेले. मी म्हणले, पाखरू गप बसलं म्हणून कुणी घर सोडतं का बाजी? उद्या बोलू. अन् लाईन काढली."

पुढचं सांगायची गरज नव्हती. तिथं बसलेल्या तिघांनाही ती पहाट ठाऊक होती.

"नंतर गावोगाव माणसं विचारत फिरली, जनावरं बिथरली व्हती का, पाखरं गप झाली व्हती का. सगळे हाव म्हणले. घडून गेल्यावर प्रत्येकाचं कुत्रं भुंकलेलं असतं. मला लोकांचं नको. वर्साच्या त्या दिवसांत होला एखाद दिवस असाच गप बसतो का, हे मला बघायचं हाय. बसत असंल तर मी बरोबर बोलले. बसत नसंल, तर तिला कळलं व्हतं अन् मी तिला बसवून ठेवलं."

"मग कानाने ऐका," साहेब हळू म्हणाले. "तुमचा कान तर..."

"माझा कान आता माझ्या बाजूनं ऐकंल. म्हणून यंत्र. पण तेबी माझ्यासारखं स्वतःच्या मनानं ऐकणारं नको."

साहेब बराच वेळ वायरचं वेटोळं सोडवून पुन्हा गुंडाळत बसले. शेवटी म्हणाले, "विकणार नाही. असाच न्या. माझ्यामागे भंगारातच जायचाय. फक्त वापरून झाला की दर वेळी फीत घासते ते हेड पुसायचं, स्पिरिटच्या बोळ्याने. कंटाळा करायचा नाही."

"कंटाळा कशाला करू?" आपांनी विचारलं. तो शब्द त्यांना खरोखर नवा असावा.

घरी आल्यावर त्यांनी जुन्या रजईच्या कापसाची माइकला टोपी शिवली, वारा लागू नये म्हणून. चकतीवर नेलपॉलिशने एक लाल ठिपका काढला. त्या ठिपक्यावरून चकती हलवायची नाही, नाहीतर एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना होणार नाही. मी वर्गात वर्षभर मोजमापाचं महत्त्व शिकवत होतो. माझ्या एकाही विद्यार्थ्याला ते इतकं कळलं नव्हतं.

मग दर वर्षी पावसाळा सरता सरता, मूग-उडीद निघाले की त्या आठ दिवस बहिणीच्या गावी जायच्या. तारीख-तिथीवरून त्यांचं माझ्याशी वाजलं होतं. मी म्हणालो, त्याच तारखेला जा. त्या म्हणाल्या, "पाखराच्या घरी कॅलेंडर नसतं मास्तर. रान बघून जायचं." भूकंपानंतर नवं गाव दोन मैलांवर वसलं होतं, सारखी घरं, सरळ रस्ते. तिथं बहिणीचे यजमान एकटेच राहायचे. आपा त्यांना दुल्हेभाई म्हणायच्या. मूलबाळ नव्हतं, दोन शेळ्या होत्या. आपा रात्री त्यांच्याकडे मुक्कामाला असायच्या आणि उजाडायच्या आत जुन्या गावाच्या जागेवर जायच्या. तिथं आता दगडांचे ढीग होते आणि त्यांवर वेडी बाभूळ माजली होती. बहिणीच्या दारातला कडुलिंब मात्र उभा होता.

पहिल्या वर्षी होला आठही दिवस बोलला. आपा परत आल्या तेव्हा त्यांनी एकेक कॅसेट मला ऐकवली. काटा रोज तेवढाच उठत होता. शेवटची कॅसेट संपल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या वर्षीही आठही दिवस बोलला.

"आपा, बास करा आता," मी म्हणालो. "स्वतःला किती त्रास देणार?"

"सोळा दिवसांवर निकाल लावता मास्तर? तुमच्या पोरांना तरी असं शिकवू नका."

तिसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. सहाव्या दिवशी शनिवार होता. रात्रीच्या मुक्कामी बसने मी गेलो. रविवारी उजाडता दोघं लिंबासमोर दगडांवर बसलो. आपांनी कानाला हेडफोन लावला आणि बटण दाबलं. साळुंक्या ओरडल्या, सातभाईंनी गोंधळ घातला. काटा हलत होता तो त्यांनी. ऊन वर आलं. होला समोरच्या फांदीवर दिसत होता, मान आत ओढून बसलेला. बोलत नव्हता.

आपांनी कॅसेट उलटली. दुसरी घातली. तिसरी घातली. होला एकदा उडून पुन्हा तिथंच बसला. नऊ वाजले.

"मास्तर, तुम्ही जा. तुमची रविवारची टेस्ट हाय."

"नाही जात."

त्यांनी हेडफोन काढला. तीन वर्षं त्या या सकाळची वाट बघत होत्या. पुरावा मिळाला होता, पण अर्धाच. पुढचा दिवस भूकंपाविना जायचा होता.

त्या उठल्या आणि थेट नव्या गावात गेल्या. दारोदार सांगत फिरल्या, "आज होला बोलला न्हाई. मला काही कळत न्हाई त्यातलं, पण आज बाहेर झोपा." मला वाटलं, लोक वेड्यात काढतील. कुणी हसलं नाही. त्या गावात असल्या गोष्टीला कुणी हसत नसे. संध्याकाळी निम्म्या गावाच्या बाजा अंगणात आल्या.

रात्र सरली. काही झालं नाही. पहाटे गार वारा होता, एवढंच. आम्ही पुन्हा लिंबाखाली गेलो, आणि अजून पुरतं उजाडलंही नव्हतं तोच होला घुमायला लागला. काटा उठला, चकती लाल ठिपक्यावर असताना रोज उठायचा तेवढाच. आपांनी पूर्ण बाजू भरून घेतली. मग स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं आणि पेटी बंद केली.

गावात परतताना एका बाईने त्यांना फैलावर घेतलं. "उगं लेकरांना गारठ्यात निजवलं की हो आपा."

"चुकलं माझं, माय," आपा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला हलकेपणा होता.

आम्ही स्टँडकडे निघालो. मला फार बरं वाटत होतं. "आपा, सुटलात तुम्ही," मी म्हणालो. "होला गप बसतो तो असाच बसतो. तुम्ही बरोबर बोलला होता."

"हाव. पाखराचं मी बरोबर बोलले व्हते."

थोडं चालून त्या थांबल्या. पेटी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"पण मास्तर, बाजीनं मला पाखराचं कुठं विचारलं व्हतं? येऊ का म्हणली व्हती ती. त्याला ये म्हणायचं असतं."

समोरून लातूरची बस धूळ उडवत येत होती. आपांनी पेटी माझ्या हातात दिली, वळल्या आणि आल्या वाटेने भराभर चालायला लागल्या. मी पेटी सांभाळत मागे. दुल्हेभाई दारात शेळीला पाला घालत होते.

"दुल्हेभाई, कपडे घ्या. लातूरला चला."

"आँ? काय झालं?"

"काई झालं न्हाई. माझ्याकडं ऱ्हायला चला. एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एकदाबी म्हणले न्हाई."

म्हातारा गोंधळला. "येईन की सवडीनं. शेळ्या हायत. दाराला कुलूप बी न्हाई धड."

"शेळ्या शेजारी बांधा. कुलूप मी आणते पुढच्या वारी. चला."

"अगं पण आज, असं एकदम..."

"बस आली."

दुल्हेभाईंनी एकदा आपांकडे, एकदा शेळ्यांकडे बघितलं. मग पाला खाली ठेवून आत गेले. आपा तिथं थांबल्या नाहीत, उलट्या पावली स्टँडवर पळाल्या. बस सुटायच्या बेतात होती. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली, आणि एक पाय जमिनीवर तसाच ठेवला.

"बाई, वर या नाहीतर खाली उतरा," कंडक्टर म्हणाला.

"माझं माणूस येऊन राहिलं."

"कुठंय माणूस?"

नव्या गावाच्या सरळ रस्त्यावरून एक म्हातारा काखेत गाठोडं मारून, दर दहा पावलांवर मागं शेळ्यांकडे वळून बघत येत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. कंडक्टरने दोरीला हात घातला. आत बसलेली माणसं कुरकुरू लागली. आपांनी पायरीवरचा पाय काढला नाही.